आकाशातले गायरान

(भोर येथे भोर-वेल्हे तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भोर आणि वेल्हे तालुक्यांतील कार्यकर्त्यांपुढे पृथ्वीभोवतीच्या कक्षांचा आणि तेथे साठलेल्या कचऱ्याचा विषय मांडणे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. डोंगरातल्या वाडीवर उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची ओरड, पावसाळ्यात दरडीची धास्ती, तरुणांची पुण्या-मुंबईकडे रीघ, असे प्रश्न दाराशी उभे असताना आठशे किलोमीटर उंचीवर काय चालले आहे याची उठाठेव कशाला, असे कोणी विचारले तर त्यास अप्रस्तुत म्हणता येणार नाही. परंतु हा प्रश्न मुळात विज्ञानाचा वा यंत्रांचा नाही. तो सामायिक संपत्तीच्या वाटपाचा प्रश्न आहे. सामायिक संपत्ती म्हणजे काय, ती कशी राखली जाते आणि कशी लुटली जाते, याचे ज्ञान या दोन तालुक्यांना पुस्तकांतून घ्यावे लागत नाही. गायरान, देवराई आणि धरण या तिन्हींचा अनुभव येथे पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. त्या अनुभवाच्या मापाने आकाशाकडे पाहावे, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

प्रथम महाराष्ट्रातच घडलेली एक घटना घेऊ. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी, विदर्भातील आणि उत्तर महाराष्ट्रातील असंख्य लोकांनी आकाश चिरीत जाणारे जळते गोळे पाहिले. कोणी उल्का म्हणाले, कोणी विमान पडले म्हणाले. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी या गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे तप्त कडे पडलेले आढळले. परिसरातील इतर गावांच्या शिवारांतून धातूचे पोकळ गोळेही मिळाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या 'लाँग मार्च ३-ब' जातीच्या अग्निबाणाचा शेवटचा टप्पा वर्षभर पृथ्वीभोवती फिरून त्या दिवशी वातावरणात शिरला, त्याचेच हे अवशेष होत, असा अवकाशतज्ज्ञांचा निष्कर्ष आहे. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. परंतु तेच कडे एखाद्या वस्तीवर किंवा सणासाठी जमलेल्या माणसांवर पडले असते तर?

तर काय झाले असते, याचे उत्तर १९७२ च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारात आहे. अवकाशातून पडलेल्या वस्तूमुळे जमिनीवर हानी झाल्यास ती वस्तू सोडणाऱ्या राष्ट्रावर पूर्ण जबाबदारी येते. त्या राष्ट्राची चूक सिद्ध करावी लागत नाही. खाजगी कंपनीने उपग्रह सोडला तरी जबाबदारी राष्ट्राचीच, कारण १९६७ च्या अवकाश करारान्वये आपल्या कंपन्यांच्या अवकाशातील कृत्यांना राष्ट्र उत्तरदायी आहे. भारत आणि चीन दोघेही दायित्व कराराचे सदस्य आहेत. कागदावर हे सारे निर्दोष दिसते. मात्र या करारान्वये भरपाईचा दावा शेतकऱ्यास स्वतः करता येत नाही. तो त्याच्या सरकारने राजनैतिक मार्गाने करावयाचा असतो, आणि तोही एक वर्षाच्या मुदतीत. सरकारने मित्रत्वाच्या किंवा शत्रुत्वाच्या हिशेबाने गप्प बसायचे ठरविले तर करारात शेतकऱ्याला दाद नाही. दावा निवाड्यासाठी आयोगापुढे गेला तरी दोन्ही राष्ट्रांनी आधी मान्य केले असेल तेव्हाच तो निवाडा बंधनकारक ठरतो.

या कराराचा जगास ठाऊक असलेला मोठा वापर एकच. जानेवारी १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी वाहणारा 'कॉसमॉस ९५४' हा उपग्रह कॅनडाच्या उत्तरेकडील प्रदेशात कोसळला आणि किरणोत्सारी तुकडे शेकडो मैल विखुरले. कॅनडाने साठ लाख डॉलरांहून अधिक रकमेचा दावा केला आणि १९८१ मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली. कॅनडासारख्या संपन्न राष्ट्राच्या पदरात निम्मे पडले. तर केनियाच्या किंवा चंद्रपूरच्या खेड्याच्या पदरात काय पडेल याचा अंदाज करणे कठीण नाही. केनियाचे नाव सहज घेतलेले नाही. ३० डिसेंबर २०२४ रोजी त्या देशातील मुकुकु या खेड्यात सुमारे अडीच मीटर व्यासाचे आणि पाचशे किलो वजनाचे असेच एक कडे आकाशातून येऊन पडले.

जमिनीवर पडणारे अवशेष हा या प्रश्नाचा डोळ्यांना दिसणारा, परंतु लहान भाग होय. जे पडत नाही ते अधिक घातक. युरोपीय अवकाश संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार सुमारे चाळीस हजार वस्तूंवर दुर्बिणी आणि रडार यांच्या साह्याने नजर ठेवली जाते. त्यांतील चालू उपग्रह थोडे. बाकी बंद पडलेली यंत्रे, अग्निबाणांचे टप्पे आणि त्यांचे तुकडे. एक सेंटिमीटरहून मोठ्या तुकड्यांची अंदाजित संख्या बारा लाखांहून अधिक आहे. हे तुकडे सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने फिरतात. त्या वेगाने धावणारी गोटीएवढी वस्तूही चालत्या उपग्रहाचा निकाल लावू शकते. एका टकरीतून शेकडो तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा पुढच्या टकरीचे कारण बनू शकतो. अशा मालिकेने काही कक्षा निरुपयोगी होऊन बसतील, हा इशारा डोनाल्ड केसलर आणि त्यांचे सहकारी कूर-पॅले यांनी १९७८ मध्येच दिला होता.

कचरा कोणत्या उंचीवर आहे यावर त्याचे आयुष्य ठरते. तीन-चारशे किलोमीटरवर हवेचा विरळ अंश असतो. तेथील तुकडा काही महिन्यांत वा थोड्या वर्षांत खाली ओढला जाऊन जळतो. आठशे किलोमीटरवरचा तुकडा शतकभर फिरत राहू शकतो. विषुववृत्तावर सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर असलेल्या भूस्थिर कक्षेतील वस्तू तर मानवी हिशेबात कायमचीच राहते. तेव्हा 'कालांतराने निसर्ग साफ करील' हे आश्वासन सर्वांत खालच्या थराला लागू पडते. वरच्या थरांत ते निव्वळ थाप ठरते.

हा कचरा केला कोणी? मुख्यतः अमेरिका, सोव्हिएत संघ व त्याचा वारस रशिया, आणि चीन यांनी. ११ जानेवारी २००७ रोजी चीनने सुमारे साडेआठशे किलोमीटर उंचीवरील आपला जुना हवामान-उपग्रह क्षेपणास्त्राने उडविला आणि मोजता येतील असे तीन हजारांहून अधिक तुकडे केले. १० फेब्रुवारी २००९ रोजी सायबेरियाच्या वर एक मृत रशियन उपग्रह व एक चालू अमेरिकी उपग्रह यांची टक्कर झाली. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी रशियाने आपला उपग्रह फोडला, तेव्हा आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील अंतराळवीरांना, त्यांत रशियाचेही होते, आपापल्या यानांत आसरा घ्यावा लागला.

परंतु लोकाला हसताना आपल्या नाकाकडेही पाहावे. ऑक्टोबर २००१ मध्ये सोडलेल्या भारताच्या पी.एस.एल.व्ही. अग्निबाणाचा शेवटचा टप्पा त्याच वर्षी डिसेंबरात कक्षेत फुटला आणि त्याचे तीनशेहून अधिक तुकडे झाले. २७ मार्च २०१९ रोजी भारताने 'मिशन शक्ती' या नावाने स्वतःचा उपग्रह क्षेपणास्त्राने पाडला. उंची तीनशे किलोमीटरच्या आत ठेवली होती म्हणून ते तुकडे काही वर्षांत खाली येऊन नष्ट झाले. ही खबरदारी स्तुत्य खरी. तरी सामायिक जागेत स्फोट करण्याचा हक्क त्याने सिद्ध होत नाही. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर एक धातूचा पिंप वाहून आला, तो पी.एस.एल.व्ही.च्या तिसऱ्या टप्प्याचा भाग निघाला. याच पश्चिम ऑस्ट्रेलियात जुलै १९७९ मध्ये अमेरिकेच्या 'स्कायलॅब'चे तुकडे पडले होते. त्या स्कायलॅबने त्या दिवसांत भारतातील खेड्यापाड्यांतून किती घबराट माजविली होती, हे ज्येष्ठ कार्यकर्त्यांना आठवत असेल. एस्परन्स या गावच्या स्थानिक नगरसंस्थेने तेव्हा कचरा टाकल्याबद्दल अमेरिकेच्या 'नासा'ला चारशे डॉलर दंड ठोठावला. दंड विनोदाने केला होता, पण त्यामागचा न्याय विनोदी नव्हता. कचरा करील त्याने भरावे, हे तत्त्व त्या गावाला कळले होते. राष्ट्रांच्या परिषदांना ते अजून पुरते कळलेले नाही.

आता या विषयाच्या मुळाकडे वळू. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला आणि तो जगभर गाजला. सर्वांना मोकळे असलेले एक कुरण आहे. प्रत्येक गुराखी विचार करतो की आणखी एक जनावर सोडल्याचा सगळा फायदा मला, आणि कुरण खराब होण्याचा तोटा मात्र सर्वांत वाटून जाणार. म्हणून प्रत्येकजण जनावरे वाढवितो आणि शेवटी कुरण ओसाड पडते. यावरून अनेकांनी असा सिद्धान्त काढला की सामायिक मालकीच दोषी आहे; तेव्हा एकतर सारे खाजगी करा किंवा सारे सरकारच्या ताब्यात द्या.

हा युक्तिवाद ऐकून भोर-वेल्ह्याचा कोणीही जुना शेतकरी विचारील, की असे कुरण होते तरी कोठे? गायरान 'सर्वांना मोकळे' कधीच नव्हते. ते गावाचे होते. कोणत्या गावची गुरे चरायची, गवत वाढेपर्यंत कोणता भाग राखायचा, राखणदाराला काय द्यायचे, हे ठरलेले असे आणि मोडणाऱ्याला गावापुढे उभे राहावे लागे. देवराईचे नियम तर याहून कडक. तेथे कुऱ्हाड चालत नसे. काही रायांतून वाळले लाकूडही देवाचा कौल घेतल्याखेरीज उचलीत नसत. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हा इतरत्र उघडे पडलेल्या डोंगरांत मूळ जंगलाचे तुकडे या रायांतच शिल्लक राहिलेले त्यांना आढळले. राया राखल्या त्या नियमांनी. आणि जेथे रस्ता व ठेकेदार आले व गावाचा शब्द चालेनासा झाला तेथे त्या तुटल्या.

'खुले' आणि 'सामायिक' या दोन शब्दांत असा जमीन-अस्मानाचा फरक आहे. खुले म्हणजे ज्याला धनी नाही, नियम नाही. जेथे बळी तो कान पिळी. सामायिक म्हणजे ज्याला अनेक धनी आहेत, आणि म्हणूनच ज्याला नियम, हिस्सा, राखण आणि दंड आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने जगातील कुरणे, पाट, मासेमारीची पाणथळे यांचा आयुष्यभर अभ्यास करून हेच दाखविले. वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, देखरेख ठेवली आणि चढत्या क्रमाने दंड आकारला, तर सामायिक संपत्ती शतकानुशतके टिकते. या कार्याबद्दल २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. हार्डिन यांनी वर्णन केले ते खुल्या कुरणाचे. पृथ्वीची कक्षा आज नेमकी तशी आहे. १९६७ चा करार म्हणतो की अवकाशाचा वापर हे सर्व मानवजातीचे क्षेत्र आहे आणि कोणत्याही राष्ट्राला त्यावर स्वामित्व सांगता येणार नाही. हे शब्द सामायिकतेचे आहेत. व्यवहार मात्र खुलेपणाचा, म्हणजे पहिल्याने येऊन जागा धरण्याचा आहे. एप्रिल २०२० मध्ये तर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एका आदेशाने स्पष्टच जाहीर केले की अवकाश ही जगाची सामायिक संपत्ती आहे असे अमेरिका मानीत नाही.

पहिल्याने येणाऱ्याला पाणी देण्याची रीत शेवटी कोठे नेते, हे नीरेच्या खोऱ्याइतके चांगले कोणाला ठाऊक असणार? नीरेच्या डाव्या कालव्यासाठी १८८० च्या दशकात भाटघरचे पहिले धरण भोर संस्थानच्या हद्दीत बांधले जाऊ लागले. पुढे १९२० च्या दशकात त्याच्या जागी सध्याचे मोठे धरण उभे राहिले. वेळवंडीच्या खोऱ्यातील जमीन बुडाली. सुमारे साडेतेवीस अब्ज घनफुटांचे पाणी बारामती, इंदापूर, फलटणकडे गेले. वरच्या डोंगरांतील गावांच्या वाट्याला 'धरण उशाला, कोरड घशाला' हा अनुभव आला. खाली कालव्यावरही सर्वांना सारखे मिळाले असे नाही. मुखाजवळच्याने ऊस लावून पाणी घ्यावे आणि टेलच्या शेतकऱ्याने कोरड्या चारीकडे पाहत बसावे, ही कालव्यांची जुनी रड. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली, ती याच रोगावर औषध म्हणून. पाणी एकाच टापूत मुरू न देता ठराविक गटांत, ठराविक पिकांना, पाळीने देण्याचा तो प्रयत्न होता. त्याने विषमता संपली नाही हे खरे. परंतु मर्यादित पाणी 'ज्याचा हात आधी पोहोचेल त्याचे' असे सोडून चालत नाही, हे परकीय सरकारच्या अभियंत्यांनाही मान्य करावे लागले.

कक्षेतही मुखाजवळचे आणि टेलचे असे दोन वर्ग आहेत. ज्यांच्यापाशी अग्निबाण, भांडवल आणि तंत्रज्ञान आहे ते मुखाशी बसले आहेत. भूस्थिर कक्षेचेच पाहावे. तेथील उपग्रह जमिनीवरून एका जागी स्थिर दिसतो, म्हणून दूरसंचाराला ती कक्षा अमोल. भारताचे पहिले व्यापारी उपग्रह-भूकेंद्र १९७१ मध्ये याच पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळ आर्वी येथे सुरू झाले आणि त्या कक्षेतील परक्या उपग्रहांमार्फत देश जगाशी बोलू लागला. परंतु ही कक्षा म्हणजे एकच वर्तुळ. त्यातील जागा आणि रेडिओलहरी मोजक्याच. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे जो आधी नोंद करील त्याला अग्रहक्क, अशी रीत पडली. विषुववृत्तावरील आठ राष्ट्रांनी डिसेंबर १९७६ मध्ये कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे जाहीरनामा काढून आपल्या भूमीवरील कक्षेवर सार्वभौम हक्क सांगितला. जगाने तो मानला नाही, आणि १९६७ चा करार पाहता मानणे शक्यही नव्हते. उगमाच्या गावांनी नदीची मालकी मागितली तर खालची गावे ती देणार नाहीत; पण हिस्सा मागितला तर तो कोणत्या तोंडाने नाकारणार? गरीब राष्ट्रांनी पुढे हिश्शाची मागणी लावून धरली, तेव्हा १९८५ आणि १९८८ च्या परिषदांनंतर ठराविक लहरींपुरती प्रत्येक राष्ट्रासाठी भूस्थिर कक्षेत किमान एक जागा राखून ठेवण्यात आली. ती राष्ट्राच्या तयारीची वाट पाहत राहते. अवकाशात पाणीपाळीचे तत्त्व मान्य झाल्याचे हे उदाहरण आहे, आणि ते मागणीच्या रेट्याने घडले आहे.

तथापि केवळ हिस्सा दिल्याने न्याय होतो असे नाही, हेही त्या कक्षेनेच शिकविले. १९८० च्या दशकाअखेर प्रशांत महासागरातील टोंगा या चिमुकल्या राज्याच्या नावाने सोळा जागांची नोंद झाली. विरोध झाल्यावर सहा पदरात पडल्या, आणि त्या भाड्याने देण्याचा व्यापार सुरू झाला. गावातील गायरानाचा तुकडा भूमिहीनाच्या नावाने घ्यायचा आणि कसायचा दुसऱ्यानेच, ही रीत आकाशातही पोहोचली.

खालच्या कक्षांत मात्र टोंगाइतकाही आडपडदा उरलेला नाही. २०२५ अखेर पृथ्वीभोवती चालू असलेल्या उपग्रहांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या 'स्पेसएक्स' या अमेरिकी कंपनीचे होते. इतर कंपन्या आणि चीन हजारोंच्या संख्येने उपग्रह सोडण्याच्या तयारीत आहेत. येथे कोणासाठी जागा राखीव नाही. एका कंपनीने किती उपग्रह सोडावेत याला जागतिक मर्यादा नाही. उद्या एखाद्या आफ्रिकी राष्ट्राला स्वतःचा उपग्रह सोडावयाचा झाला तर त्याला गर्दीतून वाट काढावी लागेल, टकरीचा धोका सोसावा लागेल आणि विम्याचा वाढीव हप्ता भरावा लागेल. कचरा दुसऱ्याने केला, किंमत याने मोजायची. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम असे सौम्य नाव आहे. साध्या मराठीत ते दुसऱ्याच्या शेतात आपले सांडपाणी सोडणे होय.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की उपग्रहांमुळे गरिबांचाच फायदा होतो, मग त्यांना अडवायचे का? उपग्रहांचा फायदा कोणीही नाकारीत नाही. वादळाची सूचना, पावसाचा अंदाज, दुर्गम भागातील संपर्क, हे सारे त्यांच्यावर अवलंबून आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने 'स्टारलिंक'शी दुर्गम जिल्ह्यांतील इंटरनेटसाठी इरादापत्र केले. वेल्ह्याच्या ज्या वाड्यांत मोबाइलला रेंज लागत नाही तेथील शाळेला अशी सोय हवी आहे. परंतु उपग्रह इतके उपयुक्त आहेत, म्हणूनच त्यांची कक्षा शाबूत राहिली पाहिजे. धरण उपयोगी आहे म्हणून त्याच्या भिंतीची चौकशी करू नये, असे या तालुक्यात तरी कोणी म्हणणार नाही. वेल्हे तालुक्यातील पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुणे शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. वर केलेल्या हयगयीची किंमत खालच्यांनी मोजली.

दुसरा आक्षेप असा की कंपन्या आपल्या हितासाठीच कक्षा स्वच्छ ठेवतील. नियमांची गरज नाही. प्रत्येक कंपनी स्वतःचा उपग्रह टकरीपासून वाचवील यात शंका नाही. परंतु तिने सोडलेल्या उपग्रहामुळे इतर सर्वांचा धोका किती वाढतो, हे तिच्या खतावणीत कोठेच लिहिले जात नाही. जो खर्च हिशेबात नाही तो कमी करण्याची प्रेरणाही नाही. आजवरचे बहुतेक नियम ऐच्छिक आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००७ मध्ये कचरा कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे उचलून धरली; ती मोडणाऱ्यास शिक्षा नाही. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने ऑक्टोबर २०२३ मध्ये एका कंपनीला जुना उपग्रह ठरल्याप्रमाणे दूर न नेल्याबद्दल दीड लाख डॉलर दंड केला. कोट्यवधींच्या धंद्यात ही रक्कम किरकोळ. पण दंड करता येतो, हे त्यातून सिद्ध झाले.

तेव्हा मागणी काय असावी? पहिली, अनामतीची. रस्त्याच्या ठेकेदाराकडून अनामत घेतात आणि काम नीट झाल्यावर परत करतात. तशी प्रत्येक उपग्रहामागे अनामत घ्यावी. तो आयुष्य संपल्यावर सुरक्षितपणे खाली आणला तर परत द्यावी, नाही तर जप्त करावी. दुसरी, वापराच्या आकाराची. २०२० मध्ये अमेरिकेतील तीन अभ्यासकांनी हिशेब मांडला की प्रत्येक उपग्रहावर वार्षिक आकार लावून तो हळूहळू वाढवीत २०४० पर्यंत सुमारे दोन लाख पस्तीस हजार डॉलरांवर नेला, तर टकरी कमी होऊन या उद्योगाचेच दीर्घकालीन मूल्य चौपटीहून अधिक होईल. मात्र केवळ आकार लावणे पुरेसे नाही. ज्याच्या खिशात पैसा त्याला कक्षा, असा त्याचा अर्थ होता कामा नये. म्हणून तिसरी मागणी, हिश्शाची: खालच्या कक्षांतही उशिरा येणाऱ्या राष्ट्रांसाठी जागा राखीव असावी, एका कंपनीला कमाल मर्यादा असावी, आणि आकाराचा पैसा कचरा हटविण्याच्या व गरीब राष्ट्रांना माहिती पुरविण्याच्या सामायिक निधीत जावा. चौथी मागणी, उपग्रह फोडण्याच्या चाचण्यांवर सर्वांना सारखी बंदी.

हे स्वप्नरंजन आहे असे म्हणणाऱ्यांनी समुद्रतळाकडे पाहावे. १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराने राष्ट्रांच्या हद्दींपलीकडचा समुद्रतळ मानवजातीचा सामायिक वारसा ठरविला. त्यासाठीचे आंतरराष्ट्रीय प्राधिकरण १९९४ पासून जमैकात अस्तित्वात आहे, आणि करारातील कोणाही राष्ट्राला त्याच्या परवान्याशिवाय तेथील खनिजाला हात लावता येत नाही. भारत त्या व्यवस्थेतील आरंभीच्या भागीदारांपैकी आहे. समुद्राच्या तळाशी जे शक्य झाले ते डोक्यावर अशक्य का असावे?

या कामी भारताची भूमिका निर्णायक ठरू शकते, कारण तो मुखाशीही आहे आणि टेललाही. त्याच्यापाशी अग्निबाण आहेत आणि त्याच्या शिवारात इतरांचे अग्निबाण पडतात. परंतु त्याचे वर्तन दुहेरी राहिले आहे. चंद्राला मानवजातीचा सामायिक वारसा मानणाऱ्या १९७९ च्या करारावर भारताने १९८२ मध्ये सही केली, अनुसमर्थन मात्र दिले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये उपग्रहविध्वंसक क्षेपणास्त्र-चाचण्या न करण्याचा ठराव संयुक्त राष्ट्रांत प्रचंड बहुमताने संमत झाला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. दुसऱ्या बाजूस, २०३० पर्यंत आपल्या सर्व मोहिमा कचरामुक्त करण्याचा संकल्प भारताच्या अवकाश संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केला. त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण खाजगी कंपन्यांना अवकाशाची दारे उघडणारे २०२३ चे धोरण आले, आणि २०१७ मध्ये मसुदा प्रसिद्ध झालेला अवकाश कायदा मागेच राहिला. संकल्प संस्थेचा असतो, तो मोडला तर कोर्टात जाता येत नाही. कायदा हवा; आणि त्या कायद्यात पडलेल्या अवशेषाने नुकसान झालेल्या नागरिकाला प्रथम भारत सरकारने भरपाई द्यावी व मग परराष्ट्राकडून ती वसूल करावी, असे कलम हवे. शेतकऱ्याने राजनैतिक वाटाघाटींच्या तारखा मोजत बसू नये.

कार्यकर्त्यांनी यात काय करावे? ज्या दिवशी एखाद्या शिवारात अशी वस्तू पडेल त्या दिवशी लोकांना तिच्यापासून दूर ठेवावे, कारण टाक्यांत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. तलाठ्याकडून पंचनामा करवून घ्यावा, पिकाच्या व घराच्या नुकसानीची नोंद त्यात असल्याची खात्री करावी आणि त्याची प्रत गावाकडे ठेवावी. एक वर्षाची मुदत लक्षात ठेवून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत केंद्राकडे लेखी मागणी करावी. दायित्वाच्या साऱ्या आंतरराष्ट्रीय इमारतीचा पहिला दगड तलाठ्याचा तो कागदच असतो. आणि अशी वस्तू पडण्याची वाट न पाहता, अनामत, आकार, हिस्सा आणि बंदी या चार मागण्यांचे ठराव अभ्यासवर्गांतून, ग्रामसभांतून संमत करून खासदारांपुढे ठेवावेत.

गायराने गावांच्या हातून निसटली ती एका दिवसात निसटली नाहीत. आधी नियम सैल झाले, मग राखण बंद झाली, मग 'पडीकच आहे, वापरली तर काय बिघडले' असे कोणी म्हणाले, आणि शेवटी सातबारावर भलतेच नाव चढलेले दिसले. कक्षेच्या बाबतीत जग आज तिसऱ्या पायरीवर उभे आहे. चौथी पायरी येण्यापूर्वी हरकत नोंदविणे, हे जे सामायिक संपत्तीच्या बाजूने उभे राहतात त्या सर्वांचे काम आहे.